प्रतिपालक पालकांचं प्रशिक्षण आणि पुढची अडीच वर्षं: एका कंडक्टर बाईचा अभिप्राय

"फॉस्टर केअरचं ट्रेनिंग कसं असतं हो? आणि पोर घरी आल्यावर ती माणसं फिरकतात का?" गेल्या वर्षभरात हे विचारणारे सात-आठ फोन मला आले. प्रत्येकाला तासभर तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मी एसटीत वाहक आहे, चोवीस वर्षं झाली. आमचे हे वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता घरचा गोठा बघतात. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं आणि जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. कृष्णाकाठचा एक तालुका एवढं पुरे. कारण साधं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेचं नाव लिहिलं की आमच्याकडची पोरगी कोण हे गावाला दहा मिनिटांत कळेल. कंडक्टर बायका आता प्रत्येक डेपोत आहेत, तेवढ्यावरून कुणी ओळखणार नाही. पोरीला इथं चिमी म्हणते.

आधी एक गोंधळ मिटवते, कारण फोन करणाऱ्यांतले निम्मे लोक चुकीच्या खिडकीवर उभे असतात. दत्तक म्हणजे मूल कायमचं तुमचं, नावासकट. बाल संगोपन योजना ही आपल्या राज्याची. त्यात मूल बहुतेक वेळा स्वतःच्याच एकट्या आईकडं, आजीकडं, नातेवाइकाकडं राहतं आणि महिन्याला मदत मिळते. ती पूर्वी ४२५ रुपये होती, मग ११०० झाली, आता २२५० आहे. आणि प्रतिपालकत्व, म्हणजे हे फॉस्टर केअर, यात बालगृहातलं किंवा संकटातलं मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानं एका परक्या घरात राहायला येतं. त्याची आई असू शकते, बाप असू शकतो, ते भेटायला येऊ शकतात, आणि घर सावरलं तर मूल परत जातं. तुम्ही मधले. २०१५ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमात हे सगळं आहे. आमच्या प्रशिक्षणात ते कलम भिंतीवर पडद्यावर दाखवलं तेव्हा एक जोडपं चहाच्या सुट्टीत गुपचूप निघून गेलं. त्यांना दत्तकच हवं होतं. मला त्यांचा राग आला नाही. चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसानं पहिल्या थांब्यावर उतरलेलं बरं.

प्रशिक्षणाच्या आधी घरी दोन वेळा माणसं येऊन गेली. आधार, उत्पन्नाचा दाखला, दोघांचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, पोलीस पडताळणी, ओळखीच्या दोन माणसांची नावं. पहिल्या भेटीत आलेल्या ताईंनी माझ्या स्वयंपाकघरात पाट ओढून घेतला आणि मी भाकरी थापत असताना गप्पा मारल्या. कागद बाहेर काढला तो निघताना. या बाई आमच्या जुन्या ताई, कंत्राटी सामाजिक कार्यकर्त्या. पुढं त्यांच्याबद्दल बरंच येणार आहे.

प्रशिक्षण दोन दिवसांचं, राहून करायचं होतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षानं एका संस्थेला ते काम दिलेलं. जागा म्हणजे एका जुन्या वसतिगृहाचा हॉल, पंखे तीन, त्यातला एक फिरणारा. आम्ही सहा जोडपी, नंतर पाच. जेवण चांगलं होतं, दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ तर फारच. निजायच्या गाद्यांबद्दल काही बोलत नाही.

पहिला दिवस सकाळी वाया गेला असं मी सरळ लिहिते. शहरातून आलेले एक तज्ज्ञ पडद्यावरचं वाचून दाखवत होते. ट्रॉमा, अटॅचमेंट, रेझिलियन्स. शेजारी बसलेले गवंडीकाम करणारे एक दादा मला हळूच म्हणाले, "ताई, हे कुठलं औषध?" अकरा वाजता संपणारं साडेबाराला संपलं. माणूस हुशार होता, विषय कळणारा होता, पण समोर कोण बसलंय याची चौकशी त्यानं केलेली नव्हती. आम्ही गाडी सुटण्याआधी निदान मागं वळून बघतो तरी.

जेवणानंतर एक बाई आल्या, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, वयानं साठीच्या. देशातलं समाजकार्याचं पहिलं कॉलेज ते, १९३६ चं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही १९९६ साली तिथूनच सुरू झाली, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी पडदा बंद केला. जमिनीवर सतरंजी टाकायला लावली आणि प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. म्हणाल्या, "घर कायमचं सोडायचंय. पाच मिनिटं आहेत. या पिशवीत मावेल एवढंच न्यायचं. काय घ्याल, चिठ्ठ्यांवर लिहून टाका." आम्ही लिहिलं. दागिने, बँकेचं पासबुक, पोरांचे फोटो, औषधं. मग त्या फिरल्या आणि प्रत्येकाच्या पिशवीतून दोन चिठ्ठ्या न विचारता काढून घेतल्या. आमच्या ह्यांच्या पिशवीतून त्यांच्या आईच्या फोटोची चिठ्ठी गेली. तेहतीस वर्षांच्या संसारात हा माणूस भांडताना बघितलाय, रडताना नाही. तिथं डोळे पुसले आणि उठून बाहेर तंबाखू मळायला गेले. त्या पिशवीनं जे सांगितलं ते सकाळच्या दोन तासांनी सांगितलं नव्हतं.

पुढचं सगळं त्याच बाईंनी घेतलं आणि ते सोनं होतं. मूल अंथरूण ओलं करेल, ओरडू नका, सकाळी त्याच्यासमोर शेजारणीला सांगू नका. मूल अन्न लपवेल, शोधून जप्त करू नका, उलट झाकणाचा एक डबा त्याच्या नावाचा करा आणि तो कधीच रिकामा ठेवू नका. आई म्हणायला लावू नका. त्याच्या खऱ्या आईबद्दल वाईट बोलू नका, ती कशीही असो. एक वही करा, "माझी गोष्ट" नावाची. त्यात मूल कुठून आलं, कुठं कुठं राहिलं, कोण भेटलं ते त्याच्याच हातानं चिकटवू द्या, लिहू द्या. कारण घरं बदलणाऱ्या मुलाची गोष्ट सांगायला दुसरं कुणी नसतं. आपल्या लेकरांची बारशाची गोष्ट आपण शंभर वेळा सांगतो. या मुलांना ती सांगणारं माणूसच नसतं.

दुसऱ्या दिवशी बालगृहात वाढलेला एक तेवीस वर्षांचा मुलगा बोलायला आणला होता. पंधराव्या वर्षी तो एका घरी गेला होता. तो म्हणाला, "फ्रिज उघडताना विचारायचं नसतं, हे मला कळायला एक वर्ष लागलं." एवढंच बोलून बराच वेळ गप्प राहिला. आम्हीही गप्प. संस्थेला माझी सूचना: सकाळचा पडदा काढून टाका, या मुलाला दोन तास द्या, आणि त्याला मानधन द्या. नुसतं शाल-श्रीफळ नको. मी विचारलं होतं, शालच मिळाली होती.

कायद्याचा तास बरा झाला. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा, त्यात कळलेलं लपवलं तर लपवणाराही अडकतो, हे नीट उदाहरणं देऊन सांगितलं. दोन गोष्टी मात्र उरल्या. मुलाच्या जाण्याची तयारी हा विषय अगदी शेवटी ठेवला, वीस मिनिटं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष शेवटच्या गाडीकडं. आणि पैशांबद्दल कुणी नीट बोललंच नाही. सगळे लाजत होते. मी नाही लाजत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून एका मुलामागं महिन्याला ४००० रुपये मिळतात, ते खात्यात येतात. वेळेवर येतात का? सुरुवातीचे पाच महिने एकदम आले. मग दर महिन्याला. मग पुन्हा चार महिने थांबले. ज्याचं हातावर पोट आहे त्यानं हे धरूनच चालावं. गल्लीत एका बाईनं मला तोंडावर विचारलं होतं, "सरकार चार हजार देतंय म्हणून भाड्यानं पोर आणलीस काय?" तिला म्हटलं, हिच्या बुटांचा, शिकवणीचा, दाताच्या डॉक्टरचा हिशेब मांडते, वरचे तू दे. त्यानंतर तिनं विषय काढलेला नाही.

चिमी २०२३ च्या जूनमध्ये आली. साडेनऊ वर्षांची, एक बॅग, एक दप्तर. तिची आई आहे, मनाच्या आजारानं दवाखान्यात होती. पहिल्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यात चपात्या सापडल्या, चार, वाळून पापड झालेल्या. प्रशिक्षण नसतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, मुंग्यांवरून. डबा ठेवला. शेंगदाण्याचे लाडू, खारी, कधी भडंग. दोन महिने ती रात्री उठून डब्यात हात घालून बघायची, खायची नाही, आहे ना एवढं बघायची. मी अंथरुणात जागी असायची आणि झाकणाचा आवाज ऐकायची.

आता जुन्या ताईंबद्दल. कायद्यात समितीनं प्रत्येक प्रतिपालक घराची दर महिन्याला पाहणी करायची असं आहे. आमच्याकडं ती ताईंच्या पायांनी व्हायची. त्या यायच्या तेव्हा चिमीशी आधी बोलायच्या, गोठ्यात, म्हशीपाशी, आमच्यापासून लांब. मला सुरुवातीला ते खटकलं. माझ्या घरात माझ्याबद्दल काय विचारते ही बाई? मग एकदा त्यांनीच सांगितलं, "काकू, तिला तुमची तक्रार करता आली पाहिजे. तक्रार करता येते हे कळलं की ती इथं टिकेल." एका महिन्यात खरंच तक्रार आली: काका आंघोळीचं पाणी फार कडक काढतात. त्या दिवसापासून बंबातलं पाणी तीच काढते.

त्या वर्षी गणपतीत चिमी मंडपाच्या बांबूवरून पडली. मनगट सुजलं. रात्री साडेनऊला दवाखान्यात गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, आई-वडिलांची सही लागेल. आम्ही कोण? प्रतिपालक. ते काय असतं? आदेशाचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो धुरकट. ताईंना फोन लावला. त्या चाळीस किलोमीटरवर. त्यांनी फोनवर डॉक्टरांशी बोलून उपचार सुरू करायला लावले आणि साडेअकराला पावसात, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, शिक्क्याची प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्वतः आल्या. प्लास्टर होईपर्यंत थांबल्या. नंतर माझ्याकडून एक पिशवी शिवून घेतली. आदेशाची साक्षांकित प्रत, आधार, बालगृहाच्या डॉक्टरांची फाईल, समितीचा नंबर, सगळं त्यात, आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला. ज्या कुणाला मूल मिळणार असेल त्यानं ही पिशवी पहिल्या दिवशी करावी. प्रशिक्षणात हे नव्हतं.

शाळेतही तेच. मुख्याध्यापकांना बापाचं नाव आणि आमचं आडनाव जुळत नाही याचं कोडं पडलं. ताईंनी एका चकरेत सोडवलं. मी एकटी गेले तेव्हा तीन चकरा झाल्या होत्या आणि उत्तर "उद्या या".

महिन्यातून एक शनिवार पालकांची बैठक असायची. चहा, फरसाण, पाच घरं. अजेंडा नावापुरता. खरं काम म्हणजे गवंडी दादांनी सांगायचं की त्यांच्याकडचा मुलगा रागाच्या भरात मिक्सर फोडतो, आणि आम्ही सगळ्यांनी न हसता ऐकायचं, आणि मग सगळ्यांनी हसायचं. दादा पण. घरी नातेवाइकांपुढं हे बोलता येत नाही. ते लगेच म्हणतात, मग परत का पाठवत नाही? या शनिवारांना मी दहापैकी दहा देते. तो दिवस ड्यूटीतून सोडवायला मी डेपोत किती जणींना बदल्या दिल्यात ते मलाच माहीत.

मार्च २०२४ मध्ये ताईंचं कंत्राट संपलं. त्यांनी फोन करून सांगितलं, रडल्या नाहीत, आवाज मात्र जड होता. कंत्राट कधी वाढतं, कधी नाही. जुलैपर्यंत कुणी आलं नाही. साडेतीन महिने. शनिवारची बैठक बंद, पैसे त्याच काळात थांबलेले, कक्षात फोन केला की "माहिती घेऊन सांगतो". मी समितीसमोर स्वतः जाऊन चिमीला दाखवून आले, कारण पाहणी झाली नाही हे उद्या माझ्यावर येऊ नये.

जुलैत नव्या ताई आल्या. चोवीस-पंचवीसची मुलगी, नुकतीच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए झाल्यासारखं, झालेली, पाठीला सॅक. स्वभाव चांगला. पण फाईल? फाईल कुठंय तेच तिला माहीत नव्हतं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्यासमोर, चहाचा कप हातात धरून, चिमीला विचारलं, "बेटा, तुझी आई कुठं असते? तिला काय झालंय? तुला तिची आठवण येते का?" चिमी उठून गोठ्यात गेली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी अंथरूण झाडलं तर उशीत अर्धी भाकरी. वर्ष झालं होतं उशी रिकामी होऊन.

त्या मुलीला मी दोष देत नाही, तेव्हा दिला होता. आमच्या डेपोत ड्यूटी संपली की मशीन जमा होतं, वेबिल बंद होतं, पैसा मोजून दिला जातो, तेव्हाच वाहक घरी जातो. पाच रुपये कमी आले तर सही होत नाही. इथं एका पोरीचं नऊ महिन्यांचं सगळं, कुणाशी बोलते, कशानं गप्प होते, काय विचारायचं नाही, हे एका बाईच्या डोक्यात होतं आणि ती बाई गेली. जाणाऱ्या ताईंनी येणाऱ्या ताईंबरोबर एकदा तरी घरी यायचं, एका म्हशीपाशी दोघींनी उभं राहायचं, हे कुठल्या नियमात बसत नाही म्हणे. कंत्राट संपल्यावर त्यांना कुठल्या पगारावर आणायचं?

नव्या ताईंना मी ते उशीचं सांगितलं. ती रडली. मग वही मागितली, "माझी गोष्ट". चिमीनं स्वतः दाखवली, तेही चार भेटींनंतर. आता दोघी एकमेकींच्या वेण्या घालतात. पण ते चार महिने त्या मुलीनं स्वतःच्या मायेनं भरून काढले, कुठल्या पद्धतीनं नाही.

यातून एक वेगळंच झालं. गेल्या पावसाळ्यात त्याच संस्थेनं नव्या सामाजिक कार्यकर्त्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि मला "अनुभव" सांगायला बोलावलं. अठरा जण होते, तीन-चार जिल्ह्यांचे. मला दुपारचा एक तास दिलेला, मी सकाळपासूनच मागं बसले. सवयीनं, मागच्या सीटवरून सगळी गाडी दिसते.

आधीचा दीड दिवस फॉर्मवर गेला होता, तो मी बघितला नाही, पण वह्यांत दिसत होता. गृहभेटीचा अहवाल, सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, पोर्टलवर काय कधी भरायचं. हे लागतं, मान्य. कागद चुकला तर मुलाचा आदेश अडतो. मुलाशी कसं बोलावं याला मात्र अर्धा दिवस, आणि त्यातही एक खेळ ठेवला होता: एकानं कार्यकर्ता व्हायचं, एकानं गृहभेटीतली आई. पोरांनी तो सिनेमासारखा केला. एकानं आल्या आल्या "शौचालय कुठं आहे?" विचारलं. दुसरी कपाट उघडायला निघाली. मला राहवलं नाही. मागून ओरडले, "पहिल्या भेटीत कपाट उघडू नका! घरची बाई चहा टाकायला उठते तेव्हा ती तुम्हाला घर बघायला वेळ देते. तेव्हा बघा." सगळे हसले. प्रशिक्षक बाई, त्याच पिशवीवाल्या, त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हीच घ्या आता."

मग मी आई झाले आणि एकेकाला घरी बोलावलं. कुणाला पाणी दिलं नाही, मुद्दाम. कुणासमोर नवऱ्याशी भांडण काढलं, नवऱ्याच्या जागी एक लाजाळू मुलगा उभा केला, तो बिचारा "हो" एवढंच म्हणत होता. एकीला म्हटलं, "तुमच्या आधीची ताई चांगली होती, तुम्हाला काही कळत नाही." ती गोंधळली, मग म्हणाली, "ती काय करायची, सांगाल का मला?" मी खेळ तिथंच थांबवला. म्हटलं, हे. हेच लिहून घ्या सगळ्यांनी. आधीची चांगली होती असं पालक म्हणतात तेव्हा ते तुम्हाला तिची फाईल देत असतात.

जेवताना मी पगार विचारला. मला विचारायला लाज वाटत नाही हे वर आलंच आहे. सामाजिक कार्यकर्त्याला १८,५३६ रुपये. गावोगाव फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२. सगळं कंत्राटी. जिल्ह्याच्या कक्षात असे सामाजिक कार्यकर्ते दोन. दोघांत अख्खा जिल्हा, त्यात बालविवाह थांबवा, हरवलेली पोरं शोधा, बालगृहं तपासा, समितीचे अहवाल लिहा, आणि माझ्या घरी येऊन म्हशीपाशी उभे राहा. गाडीभाडं नंतर मिळतं, कधी मिळतं हे त्यांनी हसण्यावारी नेलं. एक मुलगी मला म्हणाली, "काकू, तुम्हाला आमचा राग येतो का?" मी म्हटलं, येतो. तुम्ही सांगून जात नाही याचा. ती म्हणाली, "आम्हालाही कुणी सांगत नाही, की आता जायचंय."

प्रशिक्षकांनी मला विचारलं, काय बदलू? मी तीनच गोष्टी सांगितल्या. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस निरोप आणि ताबा, म्हणजे जाताना मूल दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं. प्रत्येक प्रशिक्षणात एक पालक आणि एक वाढलेलं मूल, नुसतं शेवटच्या तासाला नाही. आणि शनिवारच्या बैठकीचा खर्च संस्थेनं वेगळा धरावा, कंत्राट कुणाचंही संपो. तिसरी गोष्ट त्यांनी केली. या ऑक्टोबरपासून शनिवार पुन्हा सुरू आहे, चहा आता गवंडी दादांच्या मंडळी करतात, फरसाण संस्थेचं. पहिल्या दोनचं काय झालं विचारीन.

तर गुण. पालकांच्या प्रशिक्षणाला दहापैकी सात. सकाळ काढून टाकली तर नऊ. जुन्या ताईंना गुण देणारी मी कोण? नव्या ताईंना आठ, आणि वाढते. कक्षाला चार, त्यातले तीन फोन उचलतात म्हणून. पैशांना पाच. शाळेत, दवाखान्यात हा शब्द समजावून सांगायला कुणी आधी जात नाही, त्याला शून्य. तुम्ही या वाटेला जाणार असाल तर जा, पण आधी हे विचारा: इथं सामाजिक कार्यकर्ते किती, कंत्राट कधी संपतं, संपल्यावर कोण येणार? हॉल, पंखे, गाद्या नंतर बघा.

लोक मला अजून एक विचारतात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार फॉस्टर केअरमधलं मूल दोन वर्षांनी दत्तक घेता येतं, पूर्वी पाच वर्षं लागायची, मग तुम्ही घेत का नाही? कारण चिमीची आई आहे आणि ती बरी होते आहे. आता ती भावाकडं राहते, गोळ्या वेळेवर घेते, शिवणकामाला लागलीय. भेट आधी दोन महिन्यांनी व्हायची, आता दर महिन्याला होते. समिती म्हणतेय उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस तिकडं पाठवून बघू. वीस मिनिटांचा तो शेवटचा तास मी आता एकटीच रात्री पुन्हा पुन्हा बसवते.

भेटीला आम्ही एसटीनंच जातो. माझा सुट्टीचा दिवस, दुसऱ्या डेपोची गाडी, तिथले कंडक्टर ओळखतात. चिमीला तिकिटाचे सगळे नियम पाठ आहेत. पाच ते बारा अर्धं. गेल्या भेटीच्या वेळी म्हणाली, "काकू, जानेवारीत मला बारा पूर्ण. मग फुल ना?" मी म्हटलं, फुल होतं, पण मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्यांनाच अर्धं आहे, म्हणजे तुझं अर्धंच राहणार. ती हिरमुसली. खिडकीबाहेर बघत बसली, उसाच्या फडांकडं. मग कंडक्टर पुढं आला तेव्हा ताठ बसून म्हणाली, "दोन बायका." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. त्यानं मशीनवर टिकटिक केलं आणि तिच्याच हातात तिकीट दिलं.

घरी आल्यावर तिनं ते वहीत चिकटवलं, खाली तारीख घातली. वहीत आता एकवीस तिकिटं झालीत.